तृतीय सोपानाची सही: एका स्काऊट पथकातील प्रवेश, चाचणी आणि न्याय यांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पांझरा नदीच्या खोऱ्यातील एका गावच्या खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचे आहे. शाळा, गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत. घटनाक्रम मात्र पथकाची नोंदवही, मानसभेची (संघनायकांच्या सभेची) वही आणि संबंधितांशी झालेले बोलणे यांच्या आधारे मांडला आहे.

शाळा पाचवी ते दहावीची आहे. कांदा, मका आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची मुले तिथे शिकतात, गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली मुले शिकतात आणि डोंगराकडच्या पाड्यांवरून येऊन वसतिगृहात राहणारी मुलेही शिकतात. दिवाळी झाली की वस्तीतली आणि पाड्यांवरची अनेक कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दक्षिण गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. आईवडील तोडीला गेल्यावर पडावावर, म्हणजे तोडणी कामगारांच्या मुक्कामाच्या जागी, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी तरी लागते, म्हणून शाळेत जाणारी मोठी मुलेही बरोबर जातात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक या शासनाच्या सोयी आहेत, परंतु घरातले तान्हे मूल त्या सोयींनी सांभाळले जात नाही.

शाळेतले स्काऊट पथक जुने आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत एका पथकात सहा ते आठ मुलांचे चार संघ, म्हणजे फार तर ३२ मुले असतात. या शाळेत दर वर्षी त्याहून बरीच जास्त मुले नाव देत असत. आधीची पद्धत अशी होती की ठरलेल्या तारखेपर्यंत जो गणवेश, स्कार्फ, बेल्ट आणि टोपी घेऊन येईल त्याला पथकात घ्यायचे. ही पद्धत कोणी दुष्टपणे लावलेली नव्हती. निवड कशीही केली तरी कोणी तरी नाराज होणार, तर निदान तारीख तरी सर्वांना सारखी, असा सरळ विचार त्यामागे होता. पण परिणाम असा झाला की पथकात कोण असावे हे पालकाच्या हातात जूनमध्ये रोख पैसा आहे की नाही यावर ठरू लागले, आणि जून हा पेरणीचा महिना असल्यामुळे वस्तीतल्या घरांत त्या वेळी पैसा नसतो. पथकात वस्तीतली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली.

प्रकरण घडण्याच्या दोन वर्षे आधी भूगोलाच्या एका शिक्षकांकडे पथक आले. त्यांनी स्काऊट शिक्षकांची बेसिक आणि अॅडव्हान्स ही दोन्ही प्रशिक्षणे पूर्ण केली होती. त्यांनी पहिला बदल गणवेशात केला. दहावी होऊन जाणाऱ्या मुलांनी आपला गणवेश पथकाच्या पेटीत जमा करायचा आणि नव्या मुलाने तो दीक्षाविधीच्या, म्हणजे स्काऊटचे वचन घेण्याच्या, दिवशी घालायचा. तोपर्यंतचे प्रवेशाचे तीन महिने शाळेच्या नेहमीच्या कपड्यांत काढायचे. इच्छुक मुले ३२ पेक्षा जास्त असतील तर या तीन महिन्यांच्या साप्ताहिक सभांतील सहभाग पाहून संघनायकांच्या सल्ल्याने निवड करायची, असे त्यांनी ठरवले. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांना गणवेश हवा होता तो गरीब-श्रीमंत हा भेद झाकला जावा म्हणून, आणि तोच गणवेश प्रवेशाच्या दारावर आडवा यावा हे त्या शिक्षकांना सहन होत नव्हते. मला त्यांचे म्हणणे पटते. आपल्या देशात स्काऊटिंग १९०९ मध्ये आले तेव्हा ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. भारतीय मुलांना दार बंद होते, म्हणून अॅनी बेझंट यांनी मद्रासेत आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटांच्या संघटना एकत्र येऊन आजची संस्था झाली ती या सगळ्या खटपटीनंतर. ज्या चळवळीत भारतीय मुलांचा आरंभच प्रवेशाच्या हक्कासाठी झाला, तिच्या पथकात दुकानातल्या पावतीवर प्रवेश ठरू नये.

त्याच काळात प्रवेशाचा आणखी एक लहान प्रश्न निघाला होता. एका बौद्ध कुटुंबातील वडिलांनी विचारले की वचनात ईश्वराप्रती कर्तव्य आहे, आमच्या मुलाने ते का म्हणावे? त्याचे उत्तर नियमातच होते. आपल्याकडील स्काऊटच्या वचनात ईश्वर या शब्दाऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभा आहे. ब्रिटनमधील स्काऊट संघटनेला ईश्वर न मानणाऱ्यांसाठी पर्यायी वचन २०१४ मध्ये आणावे लागले. इथे निवडीची वाट आधीपासून होती, फक्त मुलांना ती कोणी सांगितलेली नव्हती. शिक्षकांनी त्यानंतर दीक्षाविधीच्या आधीच प्रत्येक मुलाला दोन्ही शब्द सांगून निवड त्याच्यावर सोपवली आणि तो प्रश्न तिथे मिटला.

प्रश्न कसा उभा राहिला

प्रवेशानंतर स्काऊटच्या प्रगतीचे टप्पे असे: प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सुरुवातीच्या टप्प्यांची चाचणी पथकातच होते. पुढे बाहेरचे परीक्षक येतात आणि चाचणी शिबिरे भरतात. दोन टप्प्यांच्या मध्ये काही महिने जावेच लागतात. महाराष्ट्रात वरच्या पुरस्कारांना दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. या शेवटच्या गोष्टीमुळे पालकांचे लक्ष प्रगती पुस्तिकेकडे, म्हणजे झालेल्या चाचण्यांच्या सह्या असलेल्या वहीकडे, वळते, आणि जिथे गुण असतात तिथे घाईही येते.

नववीच्या वर्षात पथकातील दोन मुलांच्या बाबतीत हा पेच पडला.

पहिला मुलगा भिल्ल वस्तीतला आणि एका संघाचा संघनायक होता. द्वितीय सोपानापर्यंतच्या त्याच्या सर्व चाचण्या चांगल्या झाल्या होत्या; दोरीचे काम, लॅशिंग (काठ्या दोरीने एकमेकींना बांधणे) आणि विस्तव पेटवणे यांत तो पथकात सर्वांत पुढे होता. दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. जाण्याआधी शिक्षक घरी गेले तेव्हा वडिलांनी एवढेच सांगितले, "उचल लिधी शे, सर. जानंच पडी." त्यामुळे जवळजवळ पाच महिने साप्ताहिक सभांना त्याची हजेरी लागली नाही आणि जानेवारीत भरलेले तृतीय सोपान शिबिरही चुकले. वार्षिक परीक्षेच्या आधी तो परतला.

दुसरा मुलगा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या. शांत, अभ्यासू आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. त्याची सभांची हजेरी कागदावर पूर्ण होती. परंतु रात्रीच्या मुक्कामाची पदभ्रमंती त्याने शिकवणीमुळे टाळली होती, आणि जानेवारीच्या शिबिरातून दुसऱ्याच दिवशी एका लग्नासाठी तो घरी परतला होता. तरीही त्याच्या प्रगती पुस्तिकेत नकाशावाचन, प्रथमोपचार आणि मुक्काम या तिन्ही ठिकाणी सह्या होत्या. त्या सह्या पथकाला मदत करणाऱ्या एका सहशिक्षकांनी, मुलगा पुढे करून घेईल या भरवशावर, आधीच करून ठेवल्या होत्या.

जून महिन्यात राज्य पुरस्कार चाचणी शिबिरासाठी नावे पाठवण्याची वेळ आली. प्रवासखर्च आणि बरोबर जाणाऱ्या शिक्षकांची उपलब्धता पाहून शाळेने आठ मुलांची मर्यादा ठरवली होती. सात नावे निर्विवाद होती. आठव्या जागेसाठी मुख्याध्यापकांनी संचालकांच्या पुतण्याचे नाव सुचवले, कारण पुस्तिकेनुसार तो पात्र दिसत होता. शिक्षक यादी तयार करण्यासाठी पुस्तिका आणि शिबिराची हजेरी शेजारी ठेवून तपासत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की ज्या दिवशी प्रथमोपचाराची चाचणी झाली त्या दिवशी हा मुलगा शिबिरात नव्हताच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढच्या सर्व चर्चेत ती हरवत राहिली. सोपानाच्या टप्प्यांमध्ये मुळात स्पर्धा नाही. ज्याने ठरलेले काम करून दाखवले त्याला तो टप्पा मिळतो. दुसऱ्याला मिळाल्याने पहिल्याचा जात नाही. स्पर्धा निर्माण केली ती दोन संख्यांनी: पथकातल्या ३२ जागांनी आणि प्रवासाच्या आठ जागांनी. त्यातली पहिली संख्या संघटनेच्या रचनेची आहे आणि तिच्यामागे कारण आहे, कारण एका स्काऊटरला, म्हणजे पथक चालवणाऱ्या शिक्षकाला, त्याहून जास्त मुले नीट ओळखता येत नाहीत. दुसरी संख्या निव्वळ शाळेच्या सोयीची होती. दोन मुले एकमेकांसमोर उभी राहिली ती या सोयीमुळे, आणि 'दोघांपैकी कोण?' हा प्रश्न स्टाफरूममध्ये इतक्या लवकर रूढ झाला की 'दोघांपैकी कोणी पात्र आहे का?' हे विचारायला बरेच दिवस गेले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुस्तिकेवर विसंबून राहण्याचा होता. मुख्याध्यापकांना तो सुरक्षित वाटत होता. नियम सर्वांना एकच, पुस्तिकेत सही असेल तर नाव जाईल, नसेल तर नाही. यात पक्षपात कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता हा नियम तटस्थ आहे. परंतु एका मुलाची सही चाचणीशिवाय झाली होती आणि दुसऱ्याची चाचणी घेण्याची सोयच झाली नव्हती, हे माहीत असताना पुस्तिका प्रमाण मानणे म्हणजे ज्याच्या घरची माणसे शाळेच्या जवळ आहेत त्याच्या बाजूने कौल देणे होते.

दुसरा पर्याय सहशिक्षकांनी मांडला आणि तो अनेकांना आवडला. दोन्ही मुलांच्या पुस्तिका पूर्ण करून टाकाव्यात, शाळेने आणखी एका जागेचा खर्च सोसावा, म्हणजे संचालकही नाराज होणार नाहीत आणि गरीब मुलाचेही नुकसान होणार नाही. या पर्यायाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या शाळांत न्यायाच्या नावाखाली हीच तडजोड सर्वांत जास्त होते. तिच्यात करुणा आहे हे खरे. ऊसतोडीला गेलेल्या मुलाला त्याच्या चुकीशिवाय मागे का ठेवायचे, हा प्रश्नही खरा आहे. पण या तडजोडीने त्या मुलाला जे मिळाले असते ते त्याच्या कामाचे नसते, संचालकांच्या पुतण्यासाठी केलेल्या सवलतीचा तो जोडभाग असता. जो मुलगा चाचणी देऊन उत्तम उतरला असता त्यालाही न घेतलेल्या चाचणीची सही चिकटली असती, आणि पुढे राज्य पुरस्काराच्या शिबिरात परीक्षकाने नकाशा समोर ठेवल्यावर तो एकटाच अडचणीत आला असता. प्रथमोपचाराच्या बाबतीत तर प्रश्न मुलापुरताही राहत नाही. ज्याच्या छातीवर बिल्ला आहे त्याला जखम बांधता येते असे गाव धरून चालते.

तिसरा पर्याय फक्त पहिल्या मुलाला परिस्थिती पाहून सूट देण्याचा होता. त्याच्या बाजूने एक जोरदार मुद्दा पुढे आला. पडावावर असताना एका तोडणी कामगाराच्या पिंडरीला कोयता लागला, तेव्हा या मुलाने जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरले, पाय उंच ठेवला, स्कार्फने पट्टी बांधली आणि दवाखान्यात नेईपर्यंत रक्त थांबवून ठेवले. परतल्यावर ही गोष्ट त्याने सांगितली नाही. ती त्याच्या वडिलांकडून कळली. मग त्याची प्रथमोपचाराची चाचणी झालीच नाही, असे कसे म्हणायचे? शिक्षकांनी या मुद्द्यावर बराच विचार केला. त्यांचे मत शेवटी असे झाले की हा अनुभव पुस्तिकेत सेवाकार्य म्हणून अभिमानाने नोंदवला पाहिजे, आणि परीक्षकासमोर मुलाने तो सांगितला तर त्याचे वजनही पडेल. परंतु सोपानाच्या अभ्यासक्रमात जखमेखेरीज हाड मोडणे, भाजणे, स्ट्रेचर करणे असे बरेच काही आहे, आणि ते त्याला शिकवलेच गेले नव्हते. सूट देणे म्हणजे ते शिकण्याची संधीही काढून घेणे झाले असते.

चौथा पर्याय दोन्ही मुलांची राहिलेल्या भागांची चाचणी बाहेरच्या परीक्षकाकडून, त्यांना जमेल अशा वेळी घेण्याचा होता. यात अडचण वेळेची होती. तृतीय सोपान पावसाळ्यात पूर्ण झाला तर राज्य पुरस्काराच्या आधी जाऊ द्यावा लागणारा काळ त्या वर्षी भरणार नव्हता. म्हणजे योग्य मार्ग धरला तर दोन्ही मुलांना दहावीच्या सवलतीच्या गुणांवर पाणी सोडावे लागणार होते.

पाचवा पर्याय, सात नावे पाठवून विषय बंद करण्याचा, फारसा चर्चेत आला नाही.

मानसभेतील चर्चा

शिक्षकांनी हा विषय मानसभेपुढे, म्हणजे चार संघनायक आणि सल्लागार म्हणून स्वतः, अशा सभेपुढे नेला. पहिला मुलगा स्वतः संघनायक असल्याने त्याच्या जागी त्याचा उपसंघनायक बसला. वहीतल्या नोंदी त्रोटक आहेत, तरी त्यांवरून चर्चा किती गंभीरपणे झाली ते कळते. एका मुलाने पहिल्या नियमाचा, विश्वसनीयतेचा, आधार घेऊन सांगितले की न झालेली चाचणी झाली असे लिहिता येणार नाही. दुसऱ्याने तिसऱ्या नियमाकडे, सर्वांचा मित्र आणि स्काऊटचा बंधू असण्याकडे, बोट दाखवले आणि विचारले की जो भाऊ पाच महिने उसाच्या फडात होता त्याच्यासाठी आपण काय केले. उपसंघनायकाचे म्हणणे सर्वांत नेमके होते: तो इथे नव्हता तेव्हा त्याच्या संघाला शिकवायला कोणी नव्हते, तसे त्याला तिथे शिकवायलाही कोणी नव्हते, आता आपण शिकवू आणि मग चाचणी होऊ द्या.

निर्णय आणि कार्यवाही

शिक्षकांनी चौथा पर्याय निवडला आणि तो लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्या टिपणात त्यांनी दोन्ही मुलांबाबत एकच वाक्यरचना वापरली: अमुक भागांची चाचणी झालेली नाही, ती अमुक काळात घेण्यात यावी. कोणाच्या घरची परिस्थिती किंवा कोणाचे नाते यांचा उल्लेख त्यात नव्हता. सोबत त्यांनी विनंती केली की पुतण्याचे नाव पाठवायचेच असेल तर सर्व चाचण्या झाल्याचे प्रमाणपत्र शाळेने शिबिराच्या तारखांसह द्यावे. आपण त्यावर सही करू शकत नाही.

ही विनंती हा या प्रकरणातला निर्णायक क्षण होता. तोपर्यंत सगळे बोलण्यावारी चालले होते आणि बोलण्यात कोणीच जबाबदार नव्हते. तारखा लिहून सही करायची म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी स्वतः हजेरी मागवली, ताडून पाहिली आणि नाव मागे घेतले. संचालकांनी त्यांना भेटून सर्वच शाळांत असे चालते असे सुनावले. मुख्याध्यापकांनी त्यावर वाद घातला नाही; हजेरीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि मुलाला पावसाळ्यात चाचणी देता येईल असे सांगितले. संस्थेच्या पगारी माणसाने संचालकांसमोर इतके करणे सोपे नसते, आणि त्यांना त्याचे श्रेय मिळाले पाहिजे.

सहशिक्षकांनी आगाऊ केलेल्या सह्या तारखेसह खोडून तिथे नोंद करण्यात आली. त्यांच्यावर कारवाई झाली नाही. पथकातली चाचणी आणि तिची सही एकाच दिवशी, मुलासमोर होईल एवढा नियम त्यानंतर करण्यात आला.

जिल्हा कार्यालयाकडे विचारणा केल्यावर शेजारच्या तालुक्यात सप्टेंबरमध्ये होणाऱ्या तृतीय सोपान शिबिरात दोन्ही मुलांना सामावून घेण्याची तयारी दाखवण्यात आली. जुलै-ऑगस्टमध्ये दर शनिवारी शाळा सुटल्यावर संघनायकांनी पाळीपाळीने नकाशा, होकायंत्र आणि प्रथमोपचार यांचा सराव घेतला. पहिल्या मुलाला नकाशाच्या खुणा आणि प्रमाण यांत बराच वेळ लागला. शिक्षकांनी शेवटी छापील नकाशा बाजूला ठेवून त्याला वस्ती ते शाळा हा त्याचाच रस्ता पावलांनी मोजून कागदावर काढायला लावला, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

परिणाम

सात मुले राज्य पुरस्काराच्या शिबिराला गेली. आठवी जागा रिकामी राहिली.

पहिला मुलगा सप्टेंबरमध्ये तृतीय सोपान उत्तीर्ण झाला. राज्य पुरस्कार मात्र त्याला मिळाला नाही. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा हंगामाला गेले. तो मामाकडे राहून परीक्षेला बसला आणि कोणत्याही सवलतीच्या गुणांशिवाय पास झाला. म्हणजे हक्काने मिळू शकले असते असे काही त्याला मिळालेच नाही, हे सत्य आहे, आणि प्रक्रिया शुद्ध राहिली या समाधानाखाली ते झाकता कामा नये.

दुसरा मुलगा सरावाला दोनदा आला आणि मग त्याने पथक सोडले. कारण शिकवणीचे सांगितले गेले. पण मानसभेत कोणाबद्दल चर्चा झाली हे आठवडाभरात वर्गात पसरले होते, आणि त्याला चिडवले जात होते, असे त्याच्या वर्गशिक्षकांनी नंतर सांगितले.

वस्तीतल्या पालकांशी शिक्षकांचे बोलणे वाढले. पुढच्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या स्काऊटांना जाण्याआधी एक वही देण्यात आली. तिच्यात पडावावर करायची कामे लिहिलेली होती: दिशा आणि अंतराच्या नोंदी, पडावाचा कच्चा नकाशा, ओळखलेली झाडे आणि पक्षी, कोणाला केलेली मदत. ही वही म्हणजे चाचणी नव्हे, हे पहिल्या पानावरच लिहिले होते. परतल्यावर परीक्षकासमोर काम करून दाखवायचेच होते. तरीही वही घेऊन गेलेली मुले परतल्यावर आपण पाहुणे आहोत अशा भावनेने सभेच्या कडेला उभी राहत नव्हती, असे संघनायकांचे निरीक्षण आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी गोष्ट तारखेची. ऊसतोडीला मुले दिवाळीनंतर जातात हे शाळेला दर वर्षी माहीत असते. हजेरीपटच ते सांगतो. तरी तृतीय सोपानाचे शिबिर जानेवारीतले धरून सगळी आखणी झाली, कारण पाऊस संपलेला असतो आणि सहामाही परीक्षा आटोपलेली असते. सप्टेंबरमधले शिबिर शेजारच्या तालुक्यात त्याआधीही होत असे. नववीच्या सप्टेंबरमध्येच या मुलाला तिथे पाठवले असते तर पुढचा काळ भरला असता आणि राज्य पुरस्काराची वाट मोकळी राहिली असती. त्यासाठी कोणालाही नियम वाकवावा लागला नसता, फक्त वर्षाच्या सुरुवातीला जाणाऱ्या मुलांची यादी करून त्यांच्या चाचण्या आधी घ्याव्या लागल्या असत्या. चाचणी सर्वांना एकच असावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती कोणत्या महिन्यात, कुठे आणि कोणाच्या सोयीने होते हेही न्यायाचेच प्रश्न आहेत, आणि या शाळेत ते व्यवस्थेचे प्रश्न समजून कारकुनाच्या टेबलावर सुटत होते.

दुसरी गोष्ट मानसभेची. मानसभेतले बोलणे बाहेर जाऊ नये असा संकेत असतो, पण चौदा वर्षांच्या मुलांवर एका सवंगड्याच्या खोट्या सहीचे ओझे टाकून तो संकेत पाळला जाईल अशी अपेक्षा करणे योग्य नव्हते. ती सही एका मोठ्या माणसाची चूक होती आणि तिचा निवाडा मोठ्यांनी करायला हवा होता. मुलांपुढे फक्त तत्त्वाचा प्रश्न न्यायचा होता: शिबिर चुकलेल्या मुलाचे काय करावे? संचालकांच्या पुतण्याशी शिक्षकांनी एकट्याने, यादीचा विषय निघण्याच्या आधीच बोलायला हवे होते. त्याने सही मागितली नव्हती. नकाशा येत नाही हे त्याला स्वतःला माहीत होते आणि ते कोणाला सांगायचे हे त्याला कळत नव्हते, असे त्याच्याशी नंतर बोललेल्या वर्गशिक्षकांचे मत आहे. ज्याच्या घरी सत्ता आहे त्या मुलावरही अन्याय होऊ शकतो, आणि इथे तो झाला.

प्रवासाच्या आठ जागांची मर्यादा कोणीच तपासली नाही. एका मुलाचा जादा खर्च गावातून उभा राहिला असता, किंवा शेजारच्या शाळेच्या मुलांबरोबर जाण्याची सोय झाली असती. जिथे स्पर्धा नाही तिथे ती आपणच तयार करतो आहोत का, हा प्रश्न यादी करण्याआधी विचारला गेला असता तर अर्धा वाद निघालाच नसता.

आणि एक बाजू अशी की जिचा विचार या सर्व काळात झालाच नाही. शाळेतल्या मुलींसाठी गाईड कंपनी, म्हणजे मुलींचे पथक, कागदावर होती, पण गाईड कॅप्टन (कंपनीप्रमुख) असलेल्या शिक्षिकांची बदली झाल्यापासून तिची एकही सभा झालेली नव्हती. गाईड कंपनीला स्त्री गाईडर लागते आणि प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. दोन मुलांच्या एका जागेवर शाळा दोन महिने चर्चा करत होती, तेव्हा निम्म्या शाळेला पहिल्या पायरीवरही जागा नव्हती. हे लक्षात आणून दिले ते आठवीतल्या एका मुलीने. स्काऊटांच्या शनिवारच्या सरावाला ती खिडकीशी उभी राहत असे, आणि एक दिवस तिने शिक्षकांना विचारले की होकायंत्र मुलींना का शिकवत नाहीत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका शिक्षिकेने बेसिक प्रशिक्षण पूर्ण केले. जूनमध्ये कंपनी पुन्हा सुरू झाली; गणवेशाची पेटी, तीन महिन्यांचा प्रवेशकाळ आणि दिवाळीआधीच्या चाचण्या या तिन्ही गोष्टी तिथे पहिल्या दिवसापासून लागू आहेत. शिबिराला किती मुली पाठवायच्या याची मर्यादा मात्र शाळेने अजून ठरवलेली नाही, आणि ती ठरवूच नये असे त्या शिक्षिकेने मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे.